दोन्ही चालतं

आमच्या इंग्रजीच्या सरांना कुणी ‘येतो सर’ म्हणालं की ते त्याचा हात धरून ठेवायचे. ‘थांब. आत्ता ठरवलंस का घरून ठरवून आलास?’ निरोप घेताना माणूस ‘येतो’ म्हणतो, त्यात ठरवायचं काय असतं? पण सरांना उत्तर लागायचं. जायचं आत्ता मनात आलं असेल तर इंग्रजीत ‘विल’. आधीच ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’. एवढं सांगितल्याशिवाय अहमदपूरच्या आमच्या शाळेतलं दहावीचं पोरगं घरी जाऊ शकत नसे.

शाळेत त्यांचं नाव ‘विल मास्तर’ पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नाव अर्धं ठेवलंय, ‘गोइंग टू’वर अन्याय झालाय.

अंगानं किडकिडीत, पांढरा शर्ट, आणि खिशाला एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. ‘विल’ दिसलं की निळी रेघ, ‘गोइंग टू’ दिसलं की लाल. वहीत, वर्तमानपत्रात, औषधाच्या कागदावर, कुठंही. भाजी बाजारात एक मावशी मेथी घेऊन बसायच्या. सर त्यांना विचारायचे, ‘उद्या मेथी आणणार आहेस का आणशील?’ मावशी म्हणायच्या, ‘आणते की मास्तर, लई डोकं खाऊ नका, जुडी घ्या न् जावा.’ सर जुडी घेऊन आमच्याकडं वळायचे. ‘बगा. ‘आणते’ म्हणली. सगळ्यात पक्कं हेच. हिनं गावातून पेंढ्या सांगून ठेवल्यात.’

सगळ्यात पक्कं म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला आमच्याच बोलीतनं शिकवलं. शाळेत नवीन आलेल्या एक बाई आमच्या बोलण्याला हसायच्या. एका पोरानं ‘उद्या मामाकडं जाऊन राहिलो’, म्हणजे जातोय, असं म्हटलं तर बाई म्हणाल्या, ‘उद्या ना? मग ‘जाऊन राहिलो’ कसं?’ आख्खा वर्ग हसला, पोरगं ओशाळलं. ही गोष्ट सरांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पोराला फळ्यापाशी बोलावून तेच वाक्य लिहायला लावलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, ‘आय ॲम गोइंग टू माय अंकल्स टुमॉरो.’ मग म्हणाले, ‘गोरा असंच बोलतो. जायचं पक्कं झालं, निरोप गेला, पिशवी भरली, की तो उद्याचं सुद्धा चालू असल्यासारखं सांगतो. हे दुसऱ्यांना पुस्तकातून पाठ करावं लागतं. तुम्हाला तुमच्या आईनं शिकवलंय.’ त्या पोराची मान वर झालेली मला अजून दिसते. ते पोरगं म्हणजे मी.

माझे वडील मार्केट यार्डात मापाडी होते. दिवसभर धान्याची पोती काट्यावर चढवायची न् उतरवायची. घरात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. तरी त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला इंग्रजी येतं. नुसतं कुणी आपल्याला तसं सांगितलं नव्हतं.

एस.टी.च्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ लागतो, हे शिकवायला ते आम्हाला बसस्टँडवर घेऊन गेले. ‘द बस लीव्हज ॲट टेन. गाडी दहाला सुटते. इथं ‘विल’ नको, माणसाच्या मर्जीचा प्रश्न न्हाई.’ अकरा वाजले, गाडी हलेना. मागनं कुणीतरी विचारलं, ‘सर, मग आता कोणता काळ?’ सर वेळापत्रकाकडं बघत म्हणाले, ‘व्याकरण बरोबर हाय. डेपो चुकलाय.’

‘शॅल’चं तर विचारूच नका. तास सुरू करताना ते रोज विचारायचे, ‘शॅल वुई बिगिन?’ आम्ही ‘येस सर’ म्हणायचो. एक दिवस क्रिकेटचा सामना होता, आम्ही सगळ्यांनी मिळून ‘नो सर’ म्हटलं. सर खरंच खुर्चीत जाऊन बसले. पूर्ण तास खिडकीबाहेर बघत बसले. सामन्याला जायची परवानगी नाही, शिकवणं नाही, रागावणं नाही. घंटा झाल्यावर उठले. ‘विचारलं म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवावी लागती,’ म्हणाले आणि गेले. त्यानंतर आम्ही कधी ‘नो’ म्हटलं नाही.

पूर्ण भविष्यकाळ त्यांनी मैदानात शिकवला. चुन्याची फक्की टाकून लांबलचक रेघ मारली. हापशापाशी ‘आज’, शाळेच्या फाटकापाशी ‘पुढचा जून’. मला फाटकाशी उभं केलं. ‘आता जूनमध्ये उभा आहेस. मागं बघ. परीक्षा कुठं दिसती?’ मधे एक वीट ठेवली होती. ‘मागं पडली, सर.’ ‘मग बोल.’ मी बोललो, ‘बाय जून आय विल हॅव पास्ड द एक्झाम.’ सर हापशापासून ओरडले, ‘पास झालास बग!’ त्या वर्षी मी खरंच पास झालो, इंग्रजीत शाळेत पहिला.

एका शब्दाचा मात्र त्यांना तिटकारा होता, तो म्हणजे ‘चालतं’. दोन उत्तरांमध्ये कुणी घुटमळत ‘सर, दोन्ही चालतं का?’ विचारलं की ते म्हणायचे, ‘घड्याळ चालतं, गिरणी चालती. वाक्य चालत नसतं. ते बरोबर असतं न्हाईतर चूक.’

मी पुढं नांदेडला स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागलो. भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली पोरंपोरी. इंग्रजीचे पंचवीस प्रश्न, त्यांना वेळ वीस मिनिटं. तिथं हापसा नाही, फाटक नाही. मी त्यांना एक युक्ती दिली होती: टुमॉरो दिसलं, सून दिसलं, पुढचं काहीही दिसलं, की डोळे झाकून ‘विल’. पोरं खूश असायची. बऱ्याचदा उत्तर बरोबर यायचं. माझं नाव झालं. माझ्या नावानं क्लासनं प्रश्नसंच छापला, वर माझा फोटो.

सर निवृत्त झाल्याचं कळलं. मग त्यांच्या पत्नी गेल्याचं कळलं. मी अहमदपूरला भेटायला गेलो तेव्हा ते एकटेच होते, लग्न झालेली मुलगी मुदखेडला. मी म्हटलं, ‘सर, नांदेडला चला. आमच्या क्लासला शिकवा.’ ते म्हणाले, ‘तुझ्या डायरेक्टरला सांगितलंस का, म्हातारा आहे म्हणून?’ मी सांगितलं होतं. आठ दिवसांनी ते एक पेटी घेऊन आले. मी आमच्याच गल्लीत त्यांना खोली बघून दिली.

मला आनंद झाला होता. आपण काहीतरी फेडतोय असं वाटत होतं. आता वाटतं, मी त्यांना आणलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्या तक्त्यात भविष्यकाळाला एक दिवस होता. सरांनी नऊ दिवस घेतले. डायरेक्टर मला म्हणाले, ‘तुमचे सर जरा हळू आहेत.’ मी सरांना चहाच्या टपरीवर सुचवून बघितलं. ते म्हणाले, ‘तू डोळे झाकायला कामून सांगतोस त्यांना? उघडे ठेवून बगू दे की.’ त्यांनी माझा तास बाहेरून ऐकला होता. मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या तुकडीतली पोरं मात्र दहाव्या दिवशी टपरीवर एकमेकांना विचारत होती, ‘आत्ता ठरवलंस का आधीच?’

मग ती चाचणी आली. क्लासची एक निवासी तुकडी होती. चाचणीत पहिल्या दहात येणाऱ्यांना वर्षभर राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट. प्रश्न माझ्या प्रश्नसंचातून काढलेले, उत्तरंही त्यातलीच. त्यात एक वाक्य होतं: ‘लुक ॲट दोज ब्लॅक क्लाउड्स! इट...’ आणि पुढं चार पर्याय. माझ्या पुस्तकात उत्तर होतं, ‘विल रेन’.

ते चूक होतं. काळे ढग डोळ्यांसमोर आहेत, पाऊस येणार हे दिसतंय, तिथं ‘इज गोइंग टू’च. हे मला दहावीत येत होतं. पुस्तक लिहिताना माझ्याच युक्तीनं मी डोळे झाकून पुढं गेलो होतो.

सरांच्या तुकडीत कंधारकडची एक मुलगी होती. अबोल, शेवटच्या बाकावर बसणारी. तिनं ‘इज गोइंग टू’ लिहिलं आणि एका मार्कानं अकरावी आली. घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, फुकट तुकडीत नंबर लागला तर राहा, नाहीतर परत ये. ती पेपर घेऊन सरांकडं गेली. सरांनी भर वर्गात सांगितलं, ‘पुस्तक चूक हाय. ही बरोबर हाय.’ आणि आपल्या हातानं तिचा मार्क वाढवला. तासाभरात सगळ्या क्लासमध्ये बोभाटा. मोबाइलवर प्रश्नसंचाच्या त्या पानाचे फोटो फिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायरेक्टरांनी मला आणि सरांना केबिनमध्ये बोलावलं. आणखी तीन शिक्षक होते. त्याच आठवड्यात डायरेक्टर मला म्हणाले होते की लातूरला शाखा काढायची आहे आणि ती मी सांभाळायची. हे सरांना माहीत होतं. मीच पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो होतो.

डायरेक्टरांनी पुस्तक टेबलावर टाकलं. मला म्हणाले, ‘तुमचं पुस्तक, तुमचे सर. तुम्हीच सांगा. पुस्तक चूक आहे का?’

किती सोपं होतं. ‘हो, माझी चूक झाली,’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर लातूर लांबलं असतं. मी म्हणालो, ‘तसं बघितलं तर... दोन्ही चालतं, सर.’

वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की सर चष्मा काढून पुसायचे. तेवढ्यात पोरानं पुन्हा विचार करावा, म्हणून. तसा त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी. मला वेळ दिला. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर बघत राहिलो.

सरांनी चष्मा घातला. ‘हाव,’ ते म्हणाले. ‘दोन्ही चालतं. मग पोरीला बी मार्क द्या म्हणजे झालं.’

त्या क्षणी मला नुसतं हायसं वाटलं, हे मी इथं लिहून ठेवतो. त्यांनी काय केलं हे मला नंतर समजलं. मुलीचा नंबर लागला, माझं पुस्तक वाचलं, लातूर वाचलं. खोटे पडले ते फक्त सर.

पण तेवढ्यावर भागलं नाही. डायरेक्टर म्हणाले, ‘दोन्ही चालत होतं तर एवढा तमाशा कशाला केलात सर? मुलांचा पुस्तकावरचा भरवसा गेला. तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगा, तुमची चूक झाली म्हणून.’ मला वाटलं, आता सर उठून जातील. ते म्हणाले, ‘सांगतो.’

चार वाजता मोठ्या हॉलमध्ये सगळ्या तुकड्या बसवल्या. सर माइकपाशी गेले. माइक त्यांना उंच होता, तो खाली करायला कुणी आलं नाही; टाचा उंचावून बोलले. ‘काल मी तुमच्या पुस्तकातलं उत्तर चूक हाय म्हणालो. ते माझं चुकलं. ज्यांनी पुस्तक लिहिलं ते माझ्यापेक्षा अलीकडचं इंग्रजी शिकलेले हायत. माझं इंग्रजी जुनं हाय.’ मागच्या रांगांमध्ये कुणीतरी हसलं.

ती कंधारची मुलगी उभी राहिली. ‘पण सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, डोळ्यांना दिसत असलं की...’

‘बस बाई,’ सर म्हणाले. ‘मार्क मिळाला ना तुला? बस.’

ती बसली. मी दारात उभा होतो. तिनं सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा पेटी भरून झाली होती. मी म्हणालो, ‘सर, जाऊ नका.’ ते म्हणाले, ‘अहमदपूरला घर बंद हाय, बगायला पायजे.’ मी पेटी उचलली, रिक्षा केली. स्टँडवर खिडकीशी उभा राहून काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर.’

‘करतो सर,’ मी म्हणालो.

आयुष्यभर ज्यांनी मला अशा वेळी हात धरून थांबवलं होतं, त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. गाडी गेली.

मी दुरुस्त केलं नाही. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा वाटलं, आत्ता बदललं तर सगळ्यांना कळेल की सर बरोबर होते; मग त्यांना माफी का मागायला लावली, हा प्रश्न निघेल. त्याच्या पुढच्या आवृत्तीला तर मी विचारही केला नाही. लातूरला शाखा चांगली चालली. मी पाच वर्षं तिथं होतो. मधून मधून अहमदपूरवरून जाणं व्हायचं. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. मी खाली उतरून चहा प्यायचो आणि परत चढायचो. सरांचं घर तिथनं चालत पंधरा मिनिटांवर होतं.

नांदेडला परत बदलून आलो तेव्हा कळलं की सर आता मुलीकडं मुदखेडला असतात, गुडघे धरलेत, कमी चालतात. नांदेडहून मुदखेड रेल्वेनं अर्ध्या तासावर आहे. मी दोनदा निघालो. एकदा तर तिकीट काढून फलाटावर बसलो होतो. मनात सगळं घोकून ठेवलं होतं, पहिलं वाक्य काय, दुसरं काय. गाडी आली, लोक चढले, मी बसूनच राहिलो. घरी बायकोला सांगितलं, गाडी चुकली.

दीड वर्ष गेलं असंच. मग एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला. नंबर सरांच्या जुन्या डायरीत होता म्हणाली.

दहाव्याला मी गेलो. सरांच्या मुलीला मी अहमदपूरला लहान असताना पाहिलं होतं, फ्रॉकमध्ये. आता तिचे केस पिकायला लागले होते. अंगणात छोटा मांडव घातला होता, नातेवाईक बसले होते. तिनं मला आत नेलं, चहा दिला.

‘दादा, तुम्ही आलात, लई बरं झालं,’ ती म्हणाली. ‘बाबा सारखं तुमचं नाव काढायचे.’

मी चहाचा घोट घेतला.

‘मला तुम्हाला एक सांगायचं होतं. नांदेडला क्लासमध्ये बाबांकडून काहीतरी चूक झाली होती ना? पुस्तकावरून?’

मी कप खाली ठेवला.

‘बाबांनी सांगितलंय मला सगळं. म्हणाले, मी आडमुठेपणा केला, चांगलं पुस्तक चूक ठरवलं, आणि मोठ्या साहेबांसमोर माझी पार फजिती होणार होती. पण माझा विद्यार्थी होता तिथं. तो म्हणाला, दोन्ही चालतं. मास्तरला उघडं पडू दिलं न्हाई त्यानं.’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘कुणी आलं-गेलं की ही गोष्ट सांगायचे. म्हणायचे, इतकी वर्षं शिकवलं, त्याचं सार्थक झालं. दादा, तुम्ही त्यांची अब्रू राखली. आमच्यावर तुमचे उपकार आहेत.’

आणि तिनं मला हात जोडले.

आता सांगायला हवं होतं. समोर ती एकटीच होती, केबिन नव्हती, लातूर नव्हतं, गमवायला काहीच उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं. ‘सर लई मोठे होते,’ मी म्हणालो. ते खरं होतं. पण त्या वेळी बोलायचं होतं ते हे नव्हतं.

ती मला बाहेर मांडवात घेऊन गेली. ‘हेच ते,’ तिनं सगळ्यांना सांगितलं. ‘बाबा सांगायचे ना, ते नांदेडचे.’ सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांच्याच वयाचे एक गृहस्थ काठी टेकत आपल्या खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची त्यांनी माझ्याकडं सरकवली.

मी बसलो.